बल्बच्या खोक्यावरचा केल्विन कोण होता? आणि स्टुडिओसाठी किती केल्विनचा बल्ब घ्यायचा?

एलईडी बल्बच्या खोक्यावर वॅटच्या शेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो. २७००, ४०००, ६५०० असा काहीतरी, आणि त्याच्यापुढे ‘के’. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड उघडून व्हाइट बॅलन्सला हात लावला की तिथेही हाच ‘के’ दिसतो. घरच्या घरी रील किंवा प्रॉडक्ट फोटोसाठी छोटा स्टुडिओ उभा करणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा कधी ना कधी आडवा येतोच.

हा ‘के’ म्हणजे केल्विन. तो आला लॉर्ड केल्विन यांच्या नावावरून. गंमत अशी की केल्विन हे त्यांचं जन्मनाव नव्हतं, आडनावही नव्हतं. फोटो स्टुडिओशी त्यांचा संबंध नव्हता आणि बल्बचा रंग आकड्यात सांगायची पद्धत त्यांच्या हयातीत रुळलीही नव्हती. तरीही त्यांचं आयुष्य समजून घेतलं, तर बल्बवरच्या त्या आकड्यावर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हे बरोबर कळतं. आधी त्यांची गोष्ट पाहू, मग बल्ब निवडू.

दहाव्या वर्षी विद्यापीठात

विल्यम थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये झाला. वडील जेम्स थॉमसन गणित शिकवायचे. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली. त्यानंतर वडिलांनीच मुलांना घरी शिकवलं. पुढे वडिलांना स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात गणिताच्या प्राध्यापकाची जागा मिळाली आणि सगळं कुटुंब तिकडे गेलं.

१८३४ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, विल्यमचं नाव त्याच विद्यापीठात दाखल झालं. त्या काळी हुशार मुलांना तिथे लहान वयातच घेत असत, तरी दहा म्हणजे खरंच लहान.

१८४० मध्ये त्याच्या हातात फ्रेंच गणितज्ञ फूरिए यांचं उष्णतेवरचं पुस्तक पडलं. एखादी सळई एका टोकाला तापवली तर उष्णता तिच्यातून कशी पसरत जाते, याचं गणित त्यात होतं. सोळाही पूर्ण न झालेल्या विल्यमने ते पंधरा दिवसांत वाचून काढलं. फूरिए यांचं म्हणणं चुकीचं आहे असं एका नामांकित प्राध्यापकाने लिहिलं होतं. विल्यमने टोपणनावाने लेख लिहून फूरिए यांची बाजू मांडली. हा त्याचा पहिला शोधनिबंध, १८४१ मधला.

फूरिए यांचं हे गणित लक्षात ठेवा. थॉमसन यांच्या आयुष्यात ते दोनदा परत येणार आहे. एकदा त्यांना जगप्रसिद्ध करायला, आणि एकदा चुकीच्या उत्तरापर्यंत न्यायला.

केंब्रिजचं शिक्षण १८४५ मध्ये संपलं. त्यानंतर थॉमसन काही महिने पॅरिसला गेले. तिथे रेन्यो नावाचे शास्त्रज्ञ वायू आणि वाफेची अतिशय काटेकोर मोजमापं करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत थॉमसन यांनी काम केलं. १८४६ मध्ये, फक्त २२ व्या वर्षी, ते ग्लासगोला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ही खुर्ची त्यांनी ५३ वर्षं सोडली नाही.

तापमानाचं शून्य नेमकं कुठे?

आता केल्विनच्या मुळाशी जाऊ. त्या काळी थर्मामीटर होते, पण त्यांच्यात एक अडचण होती. एक पाऱ्याचा, एक अल्कोहोलचा, एक हवेचा असे तीन थर्मामीटर घेतले आणि बर्फाला शून्य, उकळत्या पाण्याला शंभर अशा खुणा केल्या, तर त्या दोन खुणांवर तिघे जुळतात. मधल्या तापमानाला मात्र ते अगदी तंतोतंत जुळत नाहीत, कारण प्रत्येक पदार्थ आपापल्या पद्धतीने प्रसरण पावतो. मग खरं तापमान कुठलं? पाऱ्याचं की हवेचं?

दुसरी अडचण शून्याची. सेल्सिअसचं शून्य म्हणजे बर्फ वितळण्याचा बिंदू. ती आपल्या सोयीसाठी निवडलेली जागा आहे. म्हणूनच २० अंशाचं पाणी १० अंशाच्या पाण्यापेक्षा दुप्पट गरम आहे, असं म्हणता येत नाही.

थॉमसन यांना कोणत्याही पदार्थावर अवलंबून नसलेली मोजपट्टी हवी होती. उत्तर सापडलं फ्रेंच इंजिनिअर सादी कार्नो यांच्या कामात. वाफेच्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम काढता येईल, यावर कार्नो यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. ते १८२४ मध्ये, म्हणजे थॉमसन जन्मले त्याच वर्षी छापलं गेलं आणि नंतर विसरलंही गेलं. थॉमसन यांनी पॅरिसच्या पुस्तकांच्या दुकानांत ते शोधलं, पण मिळालं नाही. दुसऱ्या एका लेखकाच्या निबंधातून त्यांना कार्नो यांचा विचार कळला होता, तेवढ्यावर त्यांनी सुरुवात केली.

आदर्श इंजिनाची क्षमता त्याच्या गरम आणि थंड बाजूच्या तापमानावर ठरते. आत पाण्याची वाफ आहे की हवा, याने फरक पडत नाही. म्हणजे तापमान मोजायला पारा नको, हे नातंच पुरेसं आहे. १८४८ मध्ये थॉमसन यांनी अशी निरपेक्ष मोजपट्टी सुचवली. पुढे जेम्स ज्यूल यांच्यासोबत काम करताना त्यांनी उष्णता आणि ऊर्जेबद्दलचे स्वतःचे विचार बदलले आणि १८५४ पर्यंत या मोजपट्टीला आज आपण वापरतो ते रूप आलं.

या मोजपट्टीचं शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. त्याच्या खाली तापमान नाहीच. एका पायरीची उंची सेल्सिअसइतकीच आहे, फक्त मोजणी तळापासून सुरू होते. २७ अंशाची आपली खोली इथे सुमारे ३०० केल्विनची होते. आणि आता दुप्पट या शब्दाला अर्थ येतो. ६००० केल्विन खरोखरच ३००० च्या दुप्पट आहे. बल्बच्या रंगासाठी हीच गोष्ट पुढे कामाला आली.

समुद्राखालची केबल

१८५० च्या दशकात युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकायची योजना निघाली. थॉमसन यांनी फूरिए यांचं तेच गणित बाहेर काढलं. सळईतून उष्णता जशी हळूहळू पसरते, तसाच लांब केबलमधून विजेचा सिग्नल पसरत जातो, असं त्यांनी दाखवलं. लांबी दुप्पट झाली की सिग्नलला लागणारा उशीर चौपट होतो. त्यामुळे तांब्याची तार जाड हवी, भोवतीचं आवरण चांगलं हवं आणि पलीकडे अगदी बारीक प्रवाह ओळखणारं उपकरण हवं.

कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे पटलं नाही. ते मूळचे शल्यविशारद होते आणि विजेचे प्रयोग स्वतःच्या पद्धतीने करत आले होते. जास्त दाब लावला की सिग्नल पोहोचेल, असा त्यांचा हिशोब होता. थॉमसन कंपनीच्या संचालक मंडळावर होते, पण विद्युत विभाग व्हाइटहाउस यांच्याकडे राहिला.

आधीचे प्रयत्न फसल्यावर ऑगस्ट १८५८ मध्ये केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे १६ तास लागले. व्हाइटहाउस यांनी जवळपास २००० व्होल्टपर्यंतचा दाब लावला. आधीच कमकुवत असलेली ती केबल तीनेक आठवड्यांत कायमची गप्प झाली. समुद्राच्या तळाशी लोकांचे प्रचंड पैसे बुडाले.

थॉमसन यांचं उपकरण मात्र टिकलं. त्याचं नाव मिरर गॅल्व्हानोमीटर. रेशमाच्या धाग्याला अगदी चिमुकला आरसा टांगलेला, त्याच्या पाठीला लहान चुंबक. क्षीण प्रवाह आला तरी आरसा किंचित वळायचा, आणि आरशावरून परावर्तित झालेला दिव्याचा कवडसा समोरच्या पट्टीवर डावी-उजवीकडे सरकायचा. कवडसा पाहून अक्षरं लिहून घ्यायची. दाब वाढवण्याऐवजी मोजणं सुधारायचं, अशी ही सगळी युक्ती होती.

पुढच्या खेपेला थॉमसन यांचं ऐकलं गेलं. ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजावर ते स्वतः होते. १८६५ मध्ये केबल भर समुद्रात तुटली. १८६६ मध्ये नवी केबल यशस्वीपणे टाकली गेली आणि तुटलेलीसुद्धा तळातून वर काढून पूर्ण केली. त्याच वर्षी थॉमसन यांना सर ही पदवी मिळाली. १८७० मध्ये याच ग्रेट ईस्टर्नने मुंबई ते एडन ही समुद्री केबल टाकली आणि मुंबईचा लंडनशी समुद्राखालून संपर्क सुरू झाला.

नदीचं नाव, माणसाला

केबलच्या कामातून आणि पेटंटमधून थॉमसन यांना चांगला पैसा मिळाला. पण घरी दुःख होतं. पत्नी मार्गारेट लग्नानंतर लवकरच आजारी पडल्या आणि १८७० मध्ये वारल्या. त्याच वर्षी त्यांनी लल्ला रूख नावाची शिडाची बोट घेतली. समुद्रावर राहता राहता त्यांनी जहाजाचं होकायंत्र सुधारलं आणि समुद्राची खोली मोजायचं यंत्र बनवलं. १८७४ मध्ये फ्रान्सिस ब्लँडी यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

दिव्यांचा शौक त्यांना होताच. १८८१ मध्ये ग्लासगोमधल्या आपल्या घरात त्यांनी विजेचे दिवे लावले. पूर्ण विजेवर उजळलेल्या जगातल्या सुरुवातीच्या घरांपैकी ते एक. कार्बनच्या तारेचे ते बल्ब पिवळट, आजच्या मोजणीने साधारण २००० केल्विनच्या आसपासचे. त्यांच्या घरातल्या दिव्यांना तेव्हा हा आकडा कोणी लावला नव्हता.

१८९२ मध्ये ते बॅरन झाले. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये विज्ञानाच्या जोरावर पोहोचलेले ते पहिलेच. पदवीसाठी त्यांनी नाव निवडलं विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं. म्हणजे आपल्या बल्बवर खरं तर स्कॉटलंडमधल्या एका लहानशा नदीचं नाव आहे.

जिथे आकडा चुकला

आता दुसरी बाजू. फूरिए यांचं तेच गणित थॉमसन यांनी पृथ्वीला लावलं. पृथ्वी सुरुवातीला वितळलेला गोळा होती आणि तेव्हापासून थंड होत आली आहे, असं धरायचं. खाणीत खोल जाताना तापमान किती वाढतं ते मोजायचं. त्यावरून थंड व्हायला किती वर्षं लागली ते काढायचं. १८६२ मध्ये त्यांचं उत्तर आलं २ कोटी ते ४० कोटी वर्षं. पुढे १८९७ मध्ये त्यांनी ते २ ते ४ कोटींवर आणलं.

भूगर्भशास्त्रज्ञांना हा काळ फारच कमी वाटत होता. डार्विन यांच्या उत्क्रांतीला तर एवढा वेळ पुरतच नव्हता, आणि या आकड्याने डार्विन खरोखर अस्वस्थ झाले. पण गणितात चूक सापडत नव्हती, कारण गणित बरोबरच होतं. गडबड होती ती गृहीतकात. पृथ्वीच्या आत उष्णता फक्त घन दगडातून, सगळीकडे सारख्याच गतीने वाहते असं थॉमसन यांनी धरलं होतं. १८९५ मध्ये त्यांचेच जुने सहायक जॉन पेरी यांनी दाखवलं की आतल्या थरात उष्णता जास्त सहज हलत असेल तर वय कितीतरी पटीने वाढतं. नंतर किरणोत्सर्ग कळला आणि पृथ्वीच्या पोटात स्वतःची उष्णता तयार होते हेही समजलं. केल्विन मात्र आपल्या आकड्याला शेवटपर्यंत चिकटून राहिले. आज पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानलं जातं.

तोच माणूस, तेच गणित. केबलमध्ये गृहीतक बरोबर होतं आणि उपकरणाने ते रोज तपासलं जात होतं. पृथ्वीच्या बाबतीत आकडा नेटका दिसत होता, पण गृहीतक तपासायची सोय नव्हती. बल्बचा आकडा वाचताना हे उपयोगी पडणार आहे.

१७ डिसेंबर १९०७ रोजी केल्विन यांचं निधन झालं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, न्यूटन यांच्या शेजारी त्यांना पुरलं. योगायोग असा की त्याच वर्षी ल्युमिए बंधूंच्या ऑटोक्रोम रंगीत प्लेट बाजारात आल्या. रंगीत फोटो सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला लागले, आणि उजेड नेमका कोणत्या रंगाचा आहे हा प्रश्न फोटोग्राफरसाठी महत्त्वाचा झाला.

बल्बवर केल्विन कसा आला?

लोखंड तापवलं तर आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळट पांढरं होतं. १८९३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वीन यांनी याचा नियम सांगितला. आदर्श तापलेली वस्तू सर्वात जास्त ज्या तरंगलांबीला चमकते, ती तरंगलांबी आणि निरपेक्ष तापमान यांचा गुणाकार कायम सारखाच येतो. तापमान दुप्पट, तर तरंगलांबी निम्मी. ३२०० केल्विनला हा शिखरबिंदू सुमारे ९०६ नॅनोमीटरवर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात असतो, म्हणून प्रकाश नारिंगीकडे झुकतो. ५६०० केल्विनला तो सुमारे ५१७ नॅनोमीटरवर, दृश्य प्रकाशाच्या मधोमध येतो. हा साधा गुणाकार सेल्सिअसमध्ये बसत नाही. त्याला तळापासून मोजणारी पट्टीच लागते.

१९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय मोजमाप परिषदेने तापमानाच्या एककाला केल्विन यांचं नाव दिलं. १९६७ पासून त्यापुढचा अंश हा शब्दही गेला. म्हणून बल्बवर ५६०० अंश केल्विन असं लिहीत नाहीत, नुसतं ५६०० केल्विन लिहितात.

पण इथे एक गृहीतक आहे. जुन्या टंगस्टन बल्बमध्ये तार खरोखरच ३००० केल्विनच्या आसपास तापते. टंगस्टन सुमारे ३६९५ केल्विनला वितळतं, त्यामुळे ५६०० ची तार बनूच शकत नाही. मग ५६०० चा एलईडी? तो आतून एवढा तापलेला नसतो. निळा एलईडी आणि त्यावरचा पिवळा लेप मिळून जो पांढरा रंग दिसतो, तो कोणत्या तापमानाच्या वस्तूसारखा वाटतो, एवढंच तो आकडा सांगतो. त्या प्रकाशात लाल, हिरवे, निळे असे सगळे रंग पुरेसे आहेत का, हे त्यात येत नाही.

आता स्टुडिओसाठी बल्ब निवडू

१. आधी खिडकी पाहा. दिवसाचा उजेड खोलीत येणार असेल किंवा फ्लॅश वापरणार असाल, तर ५५०० ते ५६०० केल्विनचे दिवे घ्या. दुपारचं ऊन आणि फ्लॅश साधारण इथेच असतात. खिडकीशेजारी २७०० चा पिवळा बल्ब लावला, तर चेहऱ्याची एक बाजू नारिंगी आणि दुसरी निळसर दिसेल. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स एका वेळी एकाच रंगाला सावरू शकतो.

२. बंद खोलीत आकड्यापेक्षा एकसारखेपणा महत्त्वाचा. पडदे ओढून शूट करणार असाल तर सगळे दिवे ३२०० चे चालतील, सगळे ५६०० चेही चालतील. मिसळ नको. छतावरची ट्यूब बंद करायला विसरू नका.

३. घरगुती ६५०० चा बल्ब चालतो का? आपल्याकडे कूल डेलाइट नावाने मिळणारे बल्ब बहुतेक ६५०० चे असतात, म्हणजे उन्हापेक्षा निळसर. फक्त तेच लावले आणि कॅमेरा ६५०० वर ठेवला तर रंग सावरता येतो. ५६०० च्या दिव्याशी जोडी मात्र टाळा.

४. आकड्यांचा फरक सगळीकडे सारखा दिसत नाही. २७०० आणि ३२०० मधला ५०० चा फरक डोळ्याला ठळक दिसतो. ६००० आणि ६५०० मधला तेवढाच फरक पटकन लक्षातही येत नाही. म्हणून पिवळ्या दिव्यांची जोडी जुळवताना जास्त काटेकोर राहा.

५. व्हाइट बॅलन्स लॉक करा. दिवा ५६०० चा असेल तर फोनही ५६०० वर ठेवा. पट्टी उलटी चालते असं वाटेल, कारण आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो. समोरचा उजेड निळसर आहे असं आपण फोनला सांगतो आणि तो भरपाई म्हणून पिवळा मिसळतो.

६. सीआरआय बघितल्याशिवाय घेऊ नका. केल्विनच्या आकड्यात जे राहून जातं, ते थोडंफार सीआरआय सांगतो. स्वस्त घरगुती एलईडीचा सीआरआय साधारण ८० असतो, स्टुडिओसाठी ९० च्या वर, शक्यतो ९५ पाहा. चेहरे शूट करणार असाल तर आर९ हा लाल रंगाचा आकडाही बघा. तो कमी असेल तर त्वचा निस्तेज, आजारी दिसते. साडी किंवा दागिन्यांचे फोटो टाकून ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं, कारण रंग वेगळा दिसला की ग्राहक माल परत पाठवतो.

७. स्वतः तपासा. एकाच आकड्याचे पण वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन दिवे शेजारी लावून, व्हाइट बॅलन्स लॉक करून, पांढऱ्या कागदाचा फोटो काढा. एक हिरवट आणि दुसरा गुलाबीसर दिसला, तर दोन्ही खोक्यांवर ५६०० लिहिलेलं असूनही ते एका सेटअपमध्ये वापरू नका.

खोक्यावरचा आकडा खरेदीच्या वेळी कामाचा आहे, पण दिवा घरी आणल्यावर ही कागदाची चाचणी करूनच पुढचं शूट लावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नंतर एडिटिंगमध्ये एकेका फोटोचा रंग सुधारत बसण्याचे तास वाचतात.